अक्षराला स्वभाव असतो का?

'उद्या पाणी येणार नाही.' हे एकच वाक्य चार प्रकारे लिहिलेलं डोळ्यांसमोर आणून पाहा. पहिलं, सोसायटीच्या लेटरहेडवर टाइप केलेलं, खाली गोल शिक्का. दुसरं, जिन्याखालच्या फळ्यावर वॉचमनच्या हातचं, खडूनं लिहिलेलं, शेवटाकडे तिरकं होत गेलेलं. तिसरं, वर्तमानपत्राच्या मथळ्यात असतात तशा जाड, ठासून बसवलेल्या अक्षरांत. आणि चौथं, लग्नपत्रिकेवर 'आमचे येथे श्रीकृपेकरून' ज्या वळणात छापतात त्या वेलबुट्टीच्या अक्षरांत.

पाणी चारही वेळा तितकंच जाणार आहे. पण चौथी सूचना वाचून कोणी लगेच बादल्या भरायला घेईल असं वाटत नाही. आधी हसेल, मग शेजारी विचारायला जाईल. तिसरी वाचली तर भानगड आपल्या इमारतीपुरती नसून अख्ख्या शहराची आहे असं वाटेल. फळ्यावरची सूचना कदाचित सगळ्यांत जास्त खरी वाटेल, कारण टाकीत रोज डोकावणारा माणूस तोच. शब्द मात्र चारही ठिकाणी तेच आहेत.

मग हा वरचा अर्थ आला कुठून? आणि अक्षराच्या नुसत्या वळणानं माणूस विश्वास ठेवत असेल किंवा काढून घेत असेल, तर ते वळण निवडणाऱ्यावर काही जबाबदारी येते का? मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे हा प्रश्न 'फाँट कोणता?' एवढ्याच रूपात येतो आणि दोन मिनिटांत मिटतो. तो इतक्या लवकर मिटण्यासारखा आहे का, हे मला तपासून पाहायचं आहे.

पहिलं उत्तर असं देता येईल की आकारातच काहीतरी असतं. गोल अक्षर मऊ वाटतं, टोकदार अक्षर कडक. जाड अक्षर ओरडतं, बारीक अक्षर कुजबुजतं. हे उत्तर फेकून देण्यासारखं नाही. वोल्फगांग कोहलर या मानसशास्त्रज्ञानं १९२९ साली एक गोलसर आणि एक टोकेरी अशा दोन आकृत्या घेऊन, दोन निरर्थक शब्दांपैकी कोणता शब्द कोणत्या आकृतीला शोभतो, असा प्रश्न मांडला. पुढे हाच प्रयोग 'बूबा' आणि 'किकी' या शब्दांनी गाजला. वेगवेगळ्या भाषा बोलणारे बहुसंख्य लोक गोल आकृतीला बूबा म्हणतात आणि टोकेरीला किकी. म्हणजे आकाराचा काहीएक ठसा शिकवल्याशिवायही उमटतो.

आपल्याकडे समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास अख्खा लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळं आणि मोकळं असावं, शाई काळीभोर असावी, ओळी मोत्यांच्या सरीसारख्या चालाव्यात, ग्रंथाचं पहिलं अक्षर जसं तसंच शेवटचं दिसावं, असं ते बारकाईनं सांगतात. ग्रंथात काय लिहायचं हा तिथला विषयच नाही. अक्षर नीट काढणं हा नीट वागण्याचाच भाग आहे, असं त्यांनी गृहीत धरलेलं दिसतं.

दुसरं उत्तर याच्या उलट आहे. अक्षराला स्वतःचा स्वभाव नसतो, त्याला संगत असते. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. एखादं वळण वर्षानुवर्षं ज्या मजकुरासोबत, ज्या माणसांच्या हाती दिसत राहतं, त्यांचा गुण त्याला लागतो. या उत्तराच्या बाजूनं पुरावा भरपूर आहे, आणि त्यातला एक अगदी घरचा आहे.

गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर पंचांग छापलं. तोवर धर्माचा मजकूर म्हणजे हातानं लिहिलेली पोथी. छापील कागदाला हात लावावा की नाही इथूनच लोकांना शंका होती, कारण छपाईच्या शाईत चरबी असे. ती शंका घालवायला त्यांनी शाईत तूप वापरलं असं सांगतात. शिळाछापाची एक सोय अशी की त्यात हातानं लिहिलेलं अक्षरच दगडावरून कागदावर उतरतं, त्यामुळे पोथीचं वळण तसंच्या तसं राहतं. नव्या यंत्रानं जुन्या अक्षराचा चेहरा लावला तेव्हा कुठे लोकांनी त्याला घरात घेतलं. आज नेमकं उलटं झालं आहे. हातानं लिहिलेली 'शासकीय' सूचना दारात आली तर आपल्याला शंका येते, आणि छापील असली की येत नाही. 'छापून आलंय' हा तर खरेपणाचा दाखलाच झाला. विश्वास या घरातून त्या घरात राहायला गेला, आणि त्यासाठी अक्षरांच्या आकारात फारसं काही बदलावं लागलं नाही.

संगत बदलली की गुण किती बदलतो याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण जर्मनीचं आहे. तिथे सोळाव्या शतकापासून जर्मन मजकूर फ्राक्टुर नावाच्या तुटक, कोनदार वळणात छापत. मध्येच लॅटिन किंवा फ्रेंच शब्द आला की तेवढा शब्द गोलसर अँटिक्वा वळणात. एकाच ओळीत आपलं आणि परकं असे दोन चेहरे. कोणतं वळण खरं जर्मन यावर १९११ मध्ये थेट संसदेत वाद झाला. १९३३ नंतर नाझींनी कोनदार अक्षर राष्ट्राचं म्हणून मिरवलं. त्या काळात टॅननबर्गसारखे जाड, पोलादी दिसणारे फाँट निघाले. लष्करी बुटांवरून त्यांना टोपणनावही पडलं. आणि मग ३ जानेवारी १९४१ रोजी मार्टिन बोरमानच्या सहीनं एक परिपत्रक निघालं: हे अक्षर जर्मन नाहीच, ते ज्यूंचं आहे, यापुढे वापरायचं नाही. या दाव्याला इतिहासात काहीही आधार नव्हता. गंमत म्हणजे त्या परिपत्रकाच्या लेटरहेडवरचं छापील नाव त्याच कोनदार वळणात होतं. खरं कारण बहुधा व्यवहाराचं असावं असं अभ्यासक मानतात. जिंकलेल्या देशांतल्या लोकांना ती अक्षरं वाचता येत नव्हती, आणि हुकूम तर वाचता यायला हवेत.

आज सामान्य माणसाला तसं अक्षर दिसलं की नाझी आठवतात. ज्यांनी ते बंद केलं त्यांचंच ते झालं. त्याच वेळी त्याच घराण्यातलं अक्षर 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या नावात परंपरा म्हणून मिरवतं, बिअरच्या बाटलीवर जुनेपणाची हमी देतं आणि हेवी मेटल वाजवणाऱ्यांच्या टीशर्टवर बंड म्हणून येतं. रेघा त्याच आहेत. म्हणून मला दुसरं उत्तर जास्त पटतं. आकार थोडं काही सुचवतो, बाकीचा अर्थ संगतीतून येतो.

हे पटलं की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. वळणाला लागलेला गुण हा कोणीतरी कमावलेला असतो. आपण ते वळण वापरतो तेव्हा ती कमाई उचलतो.

२०१२ साली घडलेल्या दोन गोष्टी इथे शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. चित्रपट दिग्दर्शक एरॉल मॉरिस यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वाचकांना एक उतारा वाचायला दिला आणि त्यातलं विधान पटतं का असं विचारलं. वाचकांना वाटलं, ही आपल्या आशावादाची चाचणी आहे. प्रत्यक्षात उतारा सहा वेगवेगळ्या फाँटांत दाखवला जात होता. सुमारे ४५,००० लोकांनी उत्तरं दिली. अठराव्या शतकातल्या इंग्लिश मुद्रकाच्या नावाच्या बास्करव्हिल या फाँटात वाचणाऱ्यांना ते विधान थोडं जास्त पटलं; कॉमिक सान्समध्ये वाचणाऱ्यांना कमी. फरक एकदोन टक्क्यांचाच होता. पण वाक्यातला एकही शब्द न बदलता पडलेला एक टक्कासुद्धा विचार करायला लावणारा आहे.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीच्या ४ जुलैची. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन सापडल्याची घोषणा झाली, आणि फाबिओला जानोत्ती यांच्या स्लाइड्स कॉमिक सान्समध्ये होत्या. हा फाँट विन्सेंट कॉनेर यांनी १९९४ मध्ये केला, तोही कार्टूनमधल्या कुत्र्याच्या तोंडी टाइम्स न्यू रोमनमधले गंभीर संवाद शोभत नाहीत म्हणून. विज्ञानातली त्या दशकातली सगळ्यांत मोठी बातमी अशा अक्षरांत बघून इंटरनेटवर हशा पिकला. कणाला त्याचं काही नव्हतं. मांडलेले आकडे कोणत्याही वळणात तेवढेच खरे राहिले असते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना या उसन्या विश्वासाची चांगली ओळख असते. डोनाल्ड क्नुथ यांनी आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं बघितली, ती त्यांना इतकी कुरूप वाटली की १९७७ मध्ये त्यांनी अक्षरजुळणीची स्वतःची प्रणाली लिहायला घेतली आणि तिच्यासाठी कॉम्प्युटर मॉडर्न हे अक्षरही केलं. ते गणिताच्या आणि संगणकशास्त्राच्या शोधनिबंधांचा चेहराच होऊन बसलं. परिणाम असा की कॉलेजातल्या प्रोजेक्ट रिपोर्टचा अर्धाकच्चा परिच्छेदसुद्धा त्या अक्षरात ओतला की सिद्ध झाल्यासारखा दिसू लागतो. सिद्धतेची मेहनत दुसऱ्यांनी केलेली असते.

हाच व्यवहार वाईट हेतूनं झाला की काय होतं ते आपण सगळे पाहतोच आहोत. 'आपला वीजपुरवठा आज रात्री खंडित करण्यात येईल' असा निरोप किंवा सिंहमुद्रा लावलेला 'अटकेचा आदेश' फोनवर येतो आणि निवृत्त माणसाच्या आयुष्यभराच्या ठेवी काही तासांत रिकाम्या होतात. अशा कागदांची भाषा बहुतेकदा अशुद्ध असते. चेहरा मात्र नीट उचललेला असतो: तेच सरकारी वळण, तीच वरची ठळक ओळ, तोच 'विषय' आणि 'संदर्भ'. त्या चेहऱ्यावर लोक विश्वास ठेवतात, कारण वर्षानुवर्षं असंख्य कारकुनांनी त्याच वळणात खऱ्या नोटिसा, खरे दाखले, खरी बिलं पाठवलेली असतात. फसवणारा ग्राहकाचे पैसे नेतो आणि त्या कारकुनांची पुंजीही खातो. पुढच्या खऱ्या नोटिशीवर कोणी विश्वास ठेवला नाही तर ते नुकसान कुठल्या तक्रारीत लिहायचं?

प्रामाणिक माणूससुद्धा हेच वळण वापरतो, मग फरक कसा करायचा? मला एक कसोटी उपयोगी वाटते. हाच मजकूर फळ्यावर खडूनं लिहिला तर उभा राहील का? हिग्जचा राहतो. अटकेचा आदेश राहत नाही. तो पूर्णपणे चेहऱ्यावर तगलेला असतो. ज्या मजकुराचा भार अक्षरानंच उचललाय, तिथे काहीतरी गडबड आहे.

यावर कोणी म्हणेल, मग अक्षर असं असावं की ते दिसूच नये. हा विचार बिआट्रिस वॉर्ड यांनी १९३० मध्ये लंडनच्या एका भाषणात फार सुंदर मांडला. उंची मद्य नक्षीदार सोन्याच्या पेल्यातही ओतता येतं आणि पातळ, स्वच्छ काचेच्या पेल्यातही. खरा जाणकार काचेचा पेला घेईल, कारण त्याला आतलं पाहायचं असतं. मुद्रणही तसंच असावं, वाचकाचं लक्ष विचाराकडे जावं. या म्हणण्यात एक नम्रता आहे, आणि ती मला आवडते. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेलं, पुढे हेल्वेटिका या नावानं जगभर गेलेलं अक्षर याच स्वप्नाचं यश मानलं जातं: कोणाचंच नसलेलं, म्हणून सगळ्यांचं.

पण या न दिसण्याच्या दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण अशी की न दिसणं हेही हत्यार होऊ शकतं. एखाद्या अ‍ॅपमध्ये 'मला मान्य आहे' हे बटण मोठं, ठळक, रंगीत असतं. काय मान्य आहे, ते खाली फिकट राखाडी, बारीक अक्षरांत असतं. तुमची कोणती माहिती कोणाला दिली जाईल, मोफत महिना संपला की खात्यातून किती पैसे जातील, सगळं लिहिलेलं असतं. एकही शब्द खोटा नसतो. पण ते अक्षर वाचलं जाऊ नये म्हणूनच निवडलेलं असतं. पडद्यावर हे करायला रंगासाठी एक ओळ आणि आकारासाठी एक ओळ, एवढंच लिहावं लागतं. त्याला कोणी खोटेपणा म्हणत नाही. 'पान स्वच्छ दिसतं' असं म्हणतात. माझ्या मते ही खोटं बोलण्याचीच एक रीत आहे, फक्त तिच्यात तोंडाऐवजी अक्षर वापरलेलं असतं. आणि चाळिशी लागलेल्या, स्वस्त फोन उन्हात धरून वाचणाऱ्या माणसाला ती सगळ्यांत जास्त लागते.

दुसरी अडचण अशी: न दिसणारं म्हणजे कोणाला न दिसणारं? सवयीचं अक्षर दिसत नाही, एवढंच खरं. ज्याची सवय वेगळी त्याला तीच काच धुरकट लागते.

हे समजायला लांब जायला नको. या लेखातला 'ल' आत्ता तुमच्या पडद्यावर कसा दिसतोय ते पाहा. उजवीकडे उभा दंड असेल तर ते हिंदीत रुळलेलं वळण. दोन्ही बाजूंना पाकळ्या असतील तर ते मराठी शाळेत गिरवलेलं. 'श'चंही तसंच आहे. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांच्या 'ल'ला एकच क्रमांक आहे, आणि ते योग्यच आहे, कारण अक्षर एकच आहे. त्याचं रूप फाँटनं ठरवायचं असतं. काही फाँटांत दोन्ही रूपं असतात आणि मजकूर मराठी आहे असं सांगितलं तर मराठी रूप उमटतं. सांगितलं नाही तर जे आपोआप येतं ते बहुतेक वेळा हिंदी वळणाचं असतं. महाराष्ट्र शासनानं २००९ साली निर्णय काढून मराठीसाठी आपलं वळण प्रमाण ठरवलं. पडद्यापर्यंत तो निर्णय अजून पुरता पोचलेला नाही.

यात कोणाचं कारस्थान नाही. हिंदी वाचणारे संख्येनं जास्त, म्हणून आपोआपचं रूप त्यांचं ठेवलं. मीही कदाचित तसंच ठेवलं असतं. आणि खरं बोलायचं तर नुकसान काय झालं? दंडाचा 'ल' वाचताना कोणी अडखळत नाही. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांची गोष्ट वेगळी होती. तिथे तो आडवा अर्धा 'र' काढता आला नाही तर गुरुजींना दक्षिणा द्यायची की स्वयंपाक्याला मजुरी, हेच कळेनासं होतं. 'ल'मध्ये अर्थ हरवत नाही.

तरीही काहीतरी घडतं, असं मला वाटतं. पहिलीतली मुलगी पाटीवर एक 'ल' गिरवते आणि घरच्या फोनवर तिला दुसरा दिसतो. ती जुळवून घेते. मुलं सगळ्याशीच जुळवून घेतात. पण दरवेळी जुळवून कोणी घ्यायचं हे तिला न विचारता ठरलेलं असतं, आणि ठरवणाऱ्याला आपण काही ठरवलं हे माहीतही नसतं. आपोआपच्या निवडी अशाच असतात. त्यांच्याखाली कोणाची सही नसते, म्हणून त्यांचा जाबही कोणाला विचारता येत नाही.

इथे आल्यावर मात्र मला जर्मनी आठवते आणि मी थोडा सावध होतो. 'आमचा ल' हे म्हणणं 'आमचं फ्राक्टुर' या म्हणण्यापासून किती लांब आहे? अक्षराचा अभिमान चढत गेला की त्याला रक्त आणि वंश चिकटायला वेळ लागत नाही. शिवाय हा अभिमान इतिहासाला धरूनही नाही. विसाव्या शतकात बरंच पुढे येईपर्यंत मराठी माणसाचे हिशेब, पत्रं, दस्तऐवज मोडीत असत. बाळबोध हे पोथ्यांचं आणि मग छापील पुस्तकांचं अक्षर. ज्या वळणाला आपण आज आपलं म्हणतो ते पोथ्या उतरवणाऱ्यांनी, जावजी दादाजींनी १८६९ मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांत खिळे कापणाऱ्यांनी आणि शाळेची पुस्तकं छापणाऱ्यांनी मिळून घडवलं. पणजोबांनी लिहिलेला कागद आज आपल्याला वाचता येत नाही, आणि आपण अक्षराच्या शुद्धतेवर भांडतो.

म्हणून मला वाटतं, अक्षराचं आपण काही देणं लागत नाही. देणं लागतो ते वाचणाऱ्याचं. 'ल'ला पाकळ्या हव्यात त्या मराठीच्या शानसाठी नव्हे. समोरच्याला ज्या रूपाची सवय आहे ते देणं शक्य असताना न देणं हा आळस आहे म्हणून. उद्या त्याची सवय बदलली तर रूपही बदलावं, त्यात रडण्यासारखं काही नाही. अटी फिकट अक्षरांत नसाव्यात, कारण त्या वाचून कोणाला तरी आपल्या पैशांचा निर्णय घ्यायचा आहे. सरकारी चेहऱ्याची नक्कल जाहिरातीतसुद्धा करू नये, कारण त्या चेहऱ्यावरचा विश्वास उद्या कोणाच्या तरी खऱ्या नोटिशीला लागणार आहे. तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच: या निवडीनं वाचणाऱ्याला काय करायला लावलं, आणि ते त्याच्या भल्याचं होतं की आपल्या?

यातली सगळी कामं अवघड नाहीत. पानाची भाषा मराठी आहे हे सांगायला दोन अक्षरांचा एक संकेत पुरतो, आणि फाँट नीट निवडला असेल तर त्या पानावरचे सगळे 'ल' आणि 'श' आपापल्या जागी बसतात. त्यासाठी कोणी आभार मानत नाही, कारण वाचणाऱ्याला काही बदललेलं जाणवतच नाही. तो फक्त वाचत जातो.